उमर फारूक (रजि.) आणि परक्यांची साक्ष

हिजरी वर्षाची सुरुवात मोहर्रमने होते. कालगणना हिजरतीपासून मोजायची, हा निर्णय हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या खिलाफतीत झाला. त्यांच्या शहादतीचा दिवसही मोहर्रमच्या पहिल्या तारखेला पाळला जातो. त्यामुळे या दिवसांत ठिकठिकाणी त्यांच्या जीवनावर जलसे होतात, मुलांच्या भाषण स्पर्धा होतात, आणि आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना परीक्षक म्हणून बोलावणे येते.

आम्ही भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहतो. आमच्या वस्तीत कोकणातले आहेत, मराठवाड्यातले आहेत, उत्तर प्रदेशातले आहेत. मुले शाळेत उर्दू शिकतात, गल्लीत मराठी-हिंदी बोलतात आणि घरी ज्याची त्याची बोली बोलतात. अशाच एका स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. विषय होता, ‘गैरमुस्लिमांच्या नजरेत हजरत उमर’. अकरा मुले बोलली. त्यांपैकी पाच जणांनी महात्मा गांधींचे एकच वाक्य सांगितले. वाक्य एकच, पण तारखा तीन. कोणी १९२४ म्हणाला, कोणी १९३७, तर एका मुलीने थेट १९४७ साल सांगितले. टाळ्या मात्र पाचही वेळा सारख्याच पडल्या.

घरी आल्यावर आम्ही ती नोंदवही पुन्हा उघडली. सर्वांत जास्त सांगितली गेलेली तारीख होती २७ जुलै १९३७, आणि नियतकालिक ‘हरिजन’. आम्ही त्या वर्षाचे वार मोजले. २७ जुलैला मंगळवार येतो. ‘हरिजन’ साप्ताहिक होते आणि त्याचे अंक शनिवारच्या तारखेने निघत. म्हणजे जी तारीख आपण जलशाच्या फलकावर लिहितो, भाषणात सांगतो, मोबाइलवर एकमेकांना पाठवतो, त्या तारखेचा अंकच निघालेला नाही.

मग गांधीजींनी हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी काही लिहिलेच नव्हते का? लिहिले होते. जुलै १९३७ मध्येच, ‘हरिजन’मध्येच. पण ते काय लिहिले, कोणासाठी लिहिले आणि का लिहिले, हे आपण विचारलेच नाही. आपल्याला शाबासकी हवी होती, ती आपण उचलली आणि बाकीचा लेख मागे ठेवला. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे, म्हणून ती नीट पाहू या.

गोष्ट सुरू होते पुण्याच्या येरवडा तुरुंगात. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला ठेवण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. या जवळपास दोन वर्षांत त्यांनी पुष्कळ वाचन केले आणि उर्दूचा अभ्यासही केला. सुटल्यावर त्यांनी ‘यंग इंडिया’मधून आपल्या तुरुंगातील वाचनाचा वृत्तांत दिला. त्यात मौलाना शिबली नोमानी यांनी लिहिलेल्या पैगंबरचरित्राचा आणि सहाबांच्या जीवनावरील ग्रंथाचा उल्लेख आहे. पैगंबरचरित्राचा दुसरा खंड संपला तेव्हा पुढे वाचायला आणखी नाही याची आपल्याला खंत वाटली, असे ते सांगतात. इस्लामला जगात जे स्थान मिळाले ते तलवारीमुळे नव्हे. साधेपणा, दिलेल्या शब्दाची चाड, निर्भयता आणि अल्लाहवरील विश्वास यांमुळे मिळाले, असा निष्कर्ष त्यांनी याच वाचनातून काढला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी पैगंबरांविषयी कार्लाइल आणि वॉशिंग्टन अर्विंग यांचे लेखन वाचले होते. ती परक्यांनी परक्यांसाठी इंग्रजीत लिहिलेली पुस्तके होती. येरवड्यात मात्र त्यांनी उर्दूतून, आपल्याच आलिमांच्या लेखणीतून हा इतिहास वाचला. शेजाऱ्याला ओळखायचे तर त्याची भाषा शिकावी लागते, हे त्यांनी तुरुंगात बसून केले. आपल्यातल्या किती जणांनी शेजाऱ्याचा एखादा ग्रंथ त्याच्या भाषेत इतक्या आस्थेने वाचला आहे?

आता १९३७ कडे येऊ. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहत होते. पुढे १९४० मध्ये याच सेगावचे नाव सेवाग्राम झाले. १९३७ च्या प्रारंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला काँग्रेसच्या कार्यसमितीने मंत्रिपदे स्वीकारण्याचा निर्णय घेतला. त्याच महिन्यात मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. जे काल तुरुंगात होते, ते आज सचिवालयात बसणार होते. प्रश्न होता, हे लोक राहणार कसे? बंगला, मोटार, नोकर-चाकर, पगार? काँग्रेसने १९३१ च्या कराची अधिवेशनात ठराव केला होता की सरकारी सेवकाचा पगार सामान्यपणे महिना पाचशे रुपयांच्या वर असू नये. आता तो ठराव स्वतःवर लागू करण्याची वेळ आली होती.

या वेळी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांविषयी लेख लिहिला आणि मंत्र्यांपुढे हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांचे उदाहरण ठेवले. जगाची दौलत पायाशी असताना या दोघांनी जितके खडतर आयुष्य काढले, तितके काढणारा सत्ताधीश इतिहासात सापडणे कठीण, असा त्यांचा आशय होता. पुढे त्यांनी हजरत उमर (रजि.) यांचा एक नेमका दाखला दिला. दूरच्या प्रांतातील आपल्या सुभेदारांनी जाडेभरडे कापड आणि जाडेभरडे पीठ सोडून दुसरे काही वापरावे, हे त्यांना खपत नसे. हा दाखला देऊन गांधीजी मंत्र्यांना सांगत होते की १९२० पासून अंगी बाणवलेला साधेपणा खुर्चीवर बसल्यावर टाकू नका. त्यातून हजारो रुपये वाचतील आणि गरिबांना आशा वाटेल.

आता पाहा, आपल्या मुलांच्या तोंडी काय आहे? खलिफांची थोरवी आहे, दुसऱ्यांच्या थोर पुरुषांशी तुलना आहे. पण जाडेभरडे पीठ नाही, जाडेभरडे कापड नाही आणि मंत्र्यांना दिलेली ताकीदही नाही. त्या लेखाचा रोख कोणाच्या श्रद्धास्थानाला कमी लेखण्याचा नव्हता. गांधीजी मुसलमानांना खूश करण्यासाठीही लिहीत नव्हते. ते आपल्याच माणसांचा कान धरत होते, आणि त्यासाठी त्यांना मदीनेच्या खलिफाचा दाखला सर्वांत उपयोगी वाटला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात ज्या वर्षी दरी रुंदावू लागली, त्याच वर्षी हे लिहिले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लेखाचे मोल आणखी कळते.

पीठ आणि कापडाचा हा दाखला गांधीजींच्या मनचा नव्हता. त्याला इतिहासाचा आधार आहे. शिबलींचा ‘अल-फारूक’ हा ग्रंथ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हजरत उमर (रजि.) यांच्या राज्यकारभाराचे तपशीलवार वर्णन आहे. सुभेदार नेमताना त्याच्याकडून चार अटी कबूल करून घेतल्या जात. तो तुर्की घोड्यावर बसणार नाही, तलम कपडे घालणार नाही, चाळलेल्या पिठाची भाकर खाणार नाही आणि दारावर पहारेकरी ठेवणार नाही. नेमणुकीच्या वेळी त्याच्या मालमत्तेची यादी केली जाई. पुढे मालमत्ता विनाकारण वाढलेली दिसली तर झडती होई आणि वाढीव भाग बैतुलमालात जमा केला जाई. हजच्या दिवसांत सर्व सुभेदारांनी हजर राहायचे, आणि ज्याची तक्रार असेल त्याने सर्वांसमक्ष उभे राहून ती मांडायची, असा शिरस्ता होता.

सअद बिन अबी वक्कास (रजि.) हे कादसियाच्या लढाईचे विजेते आणि मोठे सहाबी. त्यांनी कूफ्यात घराला दरवाजा बसवला आणि त्यामुळे लोकांना आत जायला अडथळा होतो, असे कानावर येताच मदीनेहून माणूस गेला आणि तो दरवाजा जाळून आला. दरवाजा कशासाठी जाळला? लाकडाच्या किमतीसाठी नव्हे. रयत आणि अंमलदार यांच्यामध्ये काही आड येऊ नये म्हणून.

आणि ही सक्ती दुसऱ्यांवरच नव्हती. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. त्या काळात खलिफांनी तूप आणि मांस स्वतःसाठी बंद केले. दुष्काळात भुकेपोटी झालेल्या चोरीला हात तोडण्याची शिक्षा त्यांनी दिली नाही. हिजरी २३ मध्ये, म्हणजे इसवी ६४४ मध्ये, ते जखमी होऊन अखेरच्या घटका मोजत होते, तेव्हा त्यांनी मुलाला आपल्या कर्जाचा हिशेब करायला सांगितले. इराक, शाम, मिसर आणि इराणचा मोठा भाग ज्यांच्या हुकमतीखाली होता, ते खलिफा डोक्यावर कर्ज ठेवून गेले, आणि ते बैतुलमालातून नव्हे तर आपल्या घरच्या मालमत्तेतून व आपल्या कबिल्याकडून फेडा, असे सांगून गेले.

गांधीजींच्या आधीही परक्यांनी या माणसाची दखल घेतली होती. एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याचे अखेरचे खंड १७८८ मध्ये निघाले. गिबन काही इस्लामचा भक्त नव्हता. त्याची लेखणी सर्वच धर्मांवर तिरकस चालते. पण हजरत उमर (रजि.) यांची जवाची भाकर आणि ठिगळांचा अंगरखा त्याने नोंदवला. इराणी सरदार भेटीला आला तेव्हा खलिफा मदीनेच्या मशिदीच्या पायऱ्यांवर गोरगरिबांमध्ये झोपलेले होते, हेही त्याने लिहून ठेवले. इस्कंदरियाचे ग्रंथालय हजरत उमर (रजि.) यांच्या हुकमाने जाळले गेले, हा आरोप युरोपात शतकानुशतके चालत होता. ही कथा घटनेनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांत प्रथम दिसते. गिबनने तिच्यावर उघड अविश्वास दाखवला. पुढे शिबलींनीही त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे आपल्या बाजूची वकिली आपल्याआधी एका परक्याने केली, आणि तीही आपल्यावरील प्रेमापोटी नव्हे, पुराव्याच्या आग्रहापोटी.

याहून जुनी साक्ष बैतुल मुकद्दसची आहे. जेरुसलेम मुसलमानांच्या ताब्यात आले तेव्हा हजरत उमर (रजि.) स्वतः तेथे गेले. नमाजाची वेळ झाली. ख्रिस्ती धर्मगुरू सोफ्रोनियस यांनी चर्चमध्येच नमाज पढण्याची विनंती केली. खलिफांनी नकार दिला आणि बाहेर पायऱ्यांवर एकट्याने नमाज अदा केली. कारण, आपण आत नमाज पढलो तर उद्या मुसलमान हे चर्च हक्काने मागतील. आपण ही हकिकत वर्षानुवर्षे मुलांना सांगतो. पण ती लिहून कोणी ठेवली? दहाव्या शतकातील इस्कंदरियाचे ख्रिस्ती धर्मप्रमुख युटिकियस यांनी, ज्यांना अरब सईद इब्न बतरीक म्हणून ओळखतात. आपली ही लाडकी आठवण चर्चने जपली. ज्याचे प्रार्थनास्थळ वाचले, त्याने ते लक्षात ठेवले. आजही ते चर्च तेथे उभे आहे, आणि त्याच्या समोर बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली हजरत उमर (रजि.) यांच्या नावाची मशीद आहे.

महाराष्ट्रात या कौतुकाची परंपरा गांधीजींच्याही आधीची आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षण मध्येच थांबले होते. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळवणाऱ्यांत शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी होते. पुढे फुल्यांनी पैगंबर मुहंमद (स.) यांच्यावर ‘मानव महंमद’ ही कविता लिहिली. पैगंबरांच्या शिकवणीतील समता त्यांना भावली. पण ते कवितेवर थांबले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. मराठी हिंदू वाचकाला शेजाऱ्याचा धर्म प्रेमाने समजावून सांगावा, ही त्यामागची तळमळ होती. आणि मे १९४७ मध्ये याच गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले.

फुल्यांचा हौद केवळ ‘मानव महंमद’मुळे खुला झाला किंवा गुरुजींचे उपोषण इस्लाम वाचल्यामुळे घडले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे इतिहासाशी बेइमानी ठरेल. त्यांना त्यांच्या मातीतल्या, त्यांच्या संतांच्याही प्रेरणा होत्या. आमचे म्हणणे एवढेच की या तिघांनी जे दुसऱ्याच्या घरात चांगले पाहिले, त्याचे काम आपल्या घरात केले. फुल्यांनी आपल्या हौदावर, गुरुजींनी आपल्या पंढरीत, गांधीजींनी आपल्या मंत्र्यांवर. तोंडाने तारीफ करणे सोपे असते. तारीफ केली त्या गुणासाठी आपल्या माणसांचा रोष पत्करणे कठीण.

आणि आपण? आपण या तारिफेचे काय केले? आपण तिचे प्रमाणपत्र केले. अमेरिकन लेखक मायकल हार्ट याने १९७८ मध्ये जगावर प्रभाव टाकणाऱ्या शंभर व्यक्तींची यादी केली. तीत पैगंबरांना (स.) पहिले स्थान दिले आणि हजरत उमर (रजि.) यांनाही शंभरांत घेतले. ती यादी आपल्या प्रत्येक जलशात वाचली जाते. परंतु ज्यांना अल्लाहने आणि त्याच्या रसूलने मान दिला, त्यांना हार्टच्या यादीची गरज आहे का?

अर्थात, आपली ही भूक कुठून येते, हे आम्हाला कळते. जानेवारी २०२४ मध्ये आमच्याच शहरात, मीरा रोडच्या नया नगर भागात तणाव झाला. केबिन रोड तेथून फार लांब नाही. त्या आठवड्यात वर्गात मुले गप्प गप्प होती. ज्या समाजाकडे रोज संशयाने पाहिले जाते, त्याला कोणी चार शब्द चांगले बोलले तर ते छातीशी धरावेसे वाटतात. या भावनेला आम्ही हसत नाही. ती आमच्याही मनात आहे. पण जखमेवर प्रमाणपत्र चिकटवून जखम भरत नाही. शिवाय चुकीच्या तारखेचे प्रमाणपत्र एखाद्या दिवशी कोणी तपासले, तर खरी गोष्टही खोटी ठरते.

त्या स्पर्धेच्या दिवशीचे आणखी एक सांगितले पाहिजे. मांडव मोठा होता, कमान फुलांची होती, पाहुण्यांना शाली आणि हार होते. हजरत उमर (रजि.) यांच्या ठिगळांवर मुले बोलत होती आणि आम्ही नव्या शालीत बसून गुण देत होतो. त्याच मुलांपैकी दोघांची वह्या-पुस्तके त्या वेळी अजून घ्यायची होती. हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही संयोजकांना काही बोललो नाही. शाल घेतली, जेवलो आणि घरी आलो. तेव्हा दोष आम्ही दुसऱ्या कोणाला देत नाही. मंत्र्यांचा कान धरणारा गांधी सापडतो, स्वतःचा कान धरणारा मास्तर सापडत नाही.

आपल्या संस्था पाहा. किती कमिट्यांचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लागतो? जमातीतल्या गरीब माणसाने उभे राहून अध्यक्षांना हिशेब विचारला, तर त्याला पाणी विचारले जाते की दार दाखवले जाते? एकदा हजरत उमर (रजि.) यांना भर सभेत एकाने अंगावरच्या कापडाचा हिशेब विचारला होता. वाट्याला आलेल्या कापडात एवढा अंगरखा कसा झाला? त्यांनी मुलाला उभे केले, आणि मुलाने आपला वाटा वडिलांना दिल्याचे सांगितले. तेव्हाच सभा पुढे गेली. ही हकिकतही आपण मुलांना सांगतो. पण अशी सभा आपण कधी भरवतो का? लग्नात कर्ज काढून हॉल घेणाऱ्या बापाला आपण अडवतो का, की जेवण कसे होते याचीच चर्चा करतो?

यंदा आम्ही आमच्या वर्गात एक छोटा बदल केला. कोणाही परक्याचे वाक्य भाषणात घ्यायचे असेल तर मुलाने वहीत चार रकाने आखायचे. काय म्हटले, कुठे व केव्हा म्हटले, कोणाला म्हटले, आणि म्हटल्यावर स्वतः काय केले. पहिले तीन रकाने भरायला मुलांना वाचनालयात जावे लागते. त्यामुळे उद्धरणे कमी झाली, भाषणे लहान झाली, टाळ्याही कमी पडल्या. पण परवा एका मुलाने गांधीजींच्या नावापुढे चौथ्या रकान्यात ‘आपल्या मंत्र्यांना समज दिली’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले, तेव्हा आम्हाला समाधान वाटले.

तोच तक्ता आम्ही एका रात्री आमच्या स्वतःच्या नावाने आखून पाहिला. पहिले तीन रकाने लगेच भरले. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी आम्ही पुष्कळ बोललो आहोत, पुष्कळ ठिकाणी बोललो आहोत, शेकडो मुलांना बोललो आहोत. चौथा रकाना बराच वेळ कोरा राहिला. शेवटी दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांची रक्कम लिहिली आणि दुसऱ्या दिवशी ती दिली. एवढ्याने काही होत नाही, हे आम्हाला कळते. पण रकाना कोरा नाही.

परक्यांनी आपल्या खलिफांची साक्ष दिली. युटिकियसने दिली, गिबनने दिली, गांधीजींनी दिली. आता साक्ष द्यायची पाळी आपली आहे, आणि ती भाषणाने देता येत नाही. अल्लाह आपल्याला अमलाची तौफीक देवो. आमीन.